कायमची सोडत

कातारी आयुष्यात एकदाच लबाडी करायला गेला, आणि ती कुणी मान्यच केली नाही.

तो लेथवर लाकूड कातायचा. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे खांब, बुद्धिबळातले हत्ती, जे सांगाल ते. बोलणं कमी. एखादी गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली की तो मानेनंच काम भागवायचा. खोटं बोलता येत नसे, म्हणून लोकांना वाटे की तो फार तत्त्वाचा माणूस आहे. खरं तर त्याला सुचतच नसे.

तो राहायचा ते घर पूर्वी बटणांचा कारखाना होतं. फरशीच्या फटींतून अजून बटणं निघत. तिथं बावीस माणसं एकत्र राहत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. म्हणजे होतं, पण दर महिन्याला नवीन.

कल्पना गणिताच्या बाईंची. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांना सगळ्या अन्यायाचं मूळ सापडलं. "माझा मुलगा, माझी बहीण, माझा नवरा. या 'माझा'पायीच माणूस दुसऱ्याला परका म्हणतो," बाई सांगायच्या. "जन्मानं मिळालेलं नातं हा अपघात आहे. अपघातच व्हायचा असेल, तर निदान सगळ्यांना सारखा होऊ दे."

सारखा अपघात असा व्हायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या चहानंतर, दोन थैल्या टेबलावर येत. पहिलीत बावीस चकत्या, माणसांच्या. प्रत्येकीवर एकाची खूण: मासा, शिडी, कंगवा, भोवरा. दुसरीत बावीस चकत्या, नात्यांच्या. एका थैलीतून माणूस काढायचा, दुसरीतून नातं. जो निघेल तो महिनाभर तुमचं माणूस. त्याच्याशी त्या नात्यानं वागायचं, त्यानंही तसंच वागायचं. बाहेरगावी जायचं तर आपल्या माणसाला विचारून जायचं. बाई असो की बाप्या, नियम सारखा. त्यामुळे दाढीवाल्या आत्या झाल्या, चोवीस वर्षांचे आजोबा झाले. एकदा टायपिस्टनं स्वतःचीच चकती काढली आणि वर 'मेहुणा' निघाला. तो महिनाभर स्वतःवर रुसून होता. कुणी समजूत घालायला गेलं की म्हणे, "आधी त्याला माफी मागू दे."

चकत्या कातारीनं केल्या होत्या. एकाच फांदीच्या, बिस्किटाएवढ्या, खुणा डागून वर घासून लाखेचे तीन हात दिलेल्या. आंधळ्यालाही फरक लागला नसता. थैल्या शिंपिणीनं शिवल्या होत्या. चकत्या त्याच्या, थैल्या तिच्या, म्हणून सोडतीवर कुणी कधी बोट ठेवलं नाही. घराचा सगळा विश्वास त्या दोघांच्या हातांवर उभा होता.

शिंपीण ही कातारीची बायको. म्हणजे घरात यायच्या आधी. अकरा वर्षांपूर्वी दोघं एकत्र आले. आत शिरताना त्यानं दार धरलं आणि ती पुढे गेली, म्हणून सोडतीत तिचा नंबर आठवा आणि त्याचा नववा. लग्नाचा दाखला त्यांनी बाईंच्या स्वाधीन केला. कागद पाठकोरा होता, तेव्हा टायपिस्टनं त्यावर पुढच्या सभेचं इतिवृत्त टाइप केलं.

अकरा वर्षांत तिची चकती कातारीच्या हाती सहा वेळा आली. एकदा ती त्याची आत्या झाली. "काय रे, किती वाळलास," असं म्हणून तिनं महिना काढला. एकदा नात. एकदा विहीण, तेव्हा दोघं एकमेकांशी फार जपून बोलले. एकदा मामेबहीण. दोनदा जाऊ. पुरुषाला जाऊ कशी असेल, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघं नुसते ओट्यापाशी उभे राहून भांडी विसळत, आणि ते दोन महिने कातारीला मनापासून आवडले.

बायको ती एकदाही झाली नाही.

तिनं त्याला दोन वेळा म्हटलं होतं, "चल, जाऊ इथून."

"थोडं थांब," तो म्हणाला होता. "निघेल कधीतरी."

त्यानं बाईंना विचारलंही. बाईंनी पाटीवर गणित मांडून दाखवलं. बावीस गुणिले बावीस, भागिले बारा. "साधारण चाळीस वर्षांत एकदा," बाई म्हणाल्या. "म्हणजे एकोणतीस उरली. हां, पण चकतीला मागचं काही आठवत नसतं, तेव्हा एकोणतीसही धरून चालू नकोस."

कातारीनं मान हलवली. थांबायची त्याची तयारी होती. त्याचा घरावर विश्वास होता, बाईंवर होता, आणि लाकडावर तर होताच.

तिचा किती होता हे त्यानं विचारलं नव्हतं. ती एकटी जाऊ बघे तेव्हा तिचं त्या महिन्याचं माणूस आड येई. एकदा टायपिस्ट तिचा धाकटा दीर होता. "वहिनी, तुम्ही गेल्यावर आमचं कसं व्हायचं?" म्हणून तो रडला. पुढच्या महिन्यात तो कुणाचा तरी काका झाला आणि तिला ओळख द्यायलाही विसरला. पण घरात येताना तिनं विचारल्याशिवाय जाणार नाही असा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द उसवायचा तिचा स्वभाव नव्हता.

मग या वर्षी सभेत तक्रारी आल्या. आई अंगवळणी पडते न पडते तोच बदलते. सासऱ्याला पथ्य समजावून होतं आणि तो भाचा होऊन वाटेल ते खायला लागतो. सगळ्यात मोठी तक्रार प्लंबरची होती. प्लंबर बासष्टचा. मिशा भरघोस, मनगटं पाइपासारखी. बाहेरच्या जगात त्याचं कुणीच नव्हतं, लग्न राहून गेलेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला एकशे बत्तीस नातेवाईक झाले. एकालाही माझा वाढदिवस माहीत नाही."

दीड तास चर्चा चालली. बाईंनी तोडगा काढला. पुढची सोडत शेवटची. जे निघेल ते कायमचं.

टाळ्या वाजल्या. कातारीनंही वाजवल्या. वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं की त्याची एकोणतीस वर्षं आत्ताच संपली.

सोडतीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी तो लेथच्या खोलीत चकत्यांचे दोन्ही डबे घेऊन बसला. डब्यांना कुलूप नव्हतं. घरात कशालाच नव्हतं. त्यानं कात्रीची खूण असलेली चकती शोधली. ती शिंपिणीची. कानस हातात घेतली आणि खाली ठेवली. उठून पाणी प्यायला. परत बसला. तिसऱ्या खेपेला कानशीचं टोक काठावर एकदाच ओढलं. केसाएवढी खाच पडली. मग दुसऱ्या डब्यातून 'बायको' काढली आणि तिलाही तशीच खाच दिली. घाईत दुसरी जरा खोल गेली.

त्या दिवशी तो जेवला नाही. भूक का नाही, असं त्याच्या त्या महिन्याच्या सासऱ्यानं विचारलं. कातारीला काही सुचलं नाही. त्यानं मान हलवली.

रविवारी चहा झाला. टेबल पुसून दोन्ही थैल्या ठेवल्या. टायपिस्ट मशिनपुढं बसला. बाईंनी पहिलं माणूस काढलं, त्यांना 'वडील' निघाले, शिडीच्या खुणेचे. शिडीवाला एकोणतीस वर्षांचा होता. बाई त्याच्या पाया पडल्या आणि सगळे गहिवरले.

आठवा नंबर शिंपिणीचा. तिनं बाही वर केली, थैलीत हात घातला. तिचा हात आत जरा जास्तच वेळ राहिला. मग तिनं चकती बाहेर काढून टेबलावर ठेवली.

कात्री.

"स्वतःच?" टायपिस्ट म्हणाला.

"स्वतःच," बाई म्हणाल्या. "पायंडा आहे. तुझाच."

दुसऱ्या थैलीत तिनं हात घातला आणि लगेच काढला. सासू.

टायपिस्टनं टाइप केलं: शिंपीण ही शिंपिणीची सासू. कायमची.

"नववा," बाई म्हणाल्या.

कातारी उठला. टेबलापाशी आला. त्यानं पहिल्या थैलीत हात घातला. बोटं काठांवरून फिरत राहिली. सगळ्या चकत्या गुळगुळीत होत्या. फार छान केल्या होत्या त्यानं. खाच आता टेबलावर होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि आत शोधायला काही उरलं नव्हतं. त्यानं हाताला लागेल ती काढली. नळ. म्हणजे प्लंबर.

दुसऱ्या थैलीत हात घातला तेव्हा तो कसलाच विचार करत नव्हता. बोटांनी मात्र दोन दिवस दुसरं काही मनात आणलं नव्हतं. खाच लागताच ती आपोआप मिटली.

"बायको!" बाईंनी वाचलं.

प्लंबरनं आधी मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी आहे का म्हणून. मग त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली.

सोडत पुरी व्हायच्या आत कातारी परत उभा राहिला. "ही सोडत खोटी आहे," तो म्हणाला. "मी दोन चकत्यांना खाचा दिल्यात. शुक्रवारी. कानशीनं."

मग बाई हसल्या. "दमलायस तू."

"दमलो नाही. लबाडी केली."

"तू?" टायपिस्ट म्हणाला. "अरे, तुला पत्त्यांत चोरी करता येत नाही. गेल्या दिवाळीत मला तुझी पानं दिसत होती तर तूच सांगत होतास, दिसतायत म्हणून."

"बोट लावून बघा!"

त्यानं 'बायको'ची चकती पुढे केली. ती हातोहात फिरली. कुणाला काही लागलं, कुणाला नाही. ज्यांना हवं ते नातं निघालं होतं त्यांना नाही लागलं. शेवटी चकती प्लंबरकडे आली. त्यानं ती उजेडात धरली, अंगठा काठावरून दोनदा फिरवला. खाचेवर अंगठा थांबलेला कातारीला स्पष्ट दिसला.

"ही लाकडाची शीर आहे," प्लंबर म्हणाला. मग जवळ वाकून हळूच म्हणाला, "अहो, बसा ना. लोक बघतायत."

बाईंनी ठराव मांडला की कातारीनं लबाडी करणं शक्य नाही. हात वर झाले. टायपिस्टनं टाइप केलं: कातारीनं विनोद केला. सर्व हसले. मग त्यानं इतिवृत्त वाचून दाखवलं, आणि नोंद खरी व्हावी म्हणून सगळे हसले.

दुपारी शिंपीण सामान बांधत होती. दार उघडंच होतं. कातारी उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"निघालीस?"

"बहिणीकडे. सख्ख्या." तिनं कपड्यांची चळत दाबून बसवली. "सासूला विचारलं. जा म्हणाली."

"लगेच?"

"समजूतदार आहे. इतकी वर्षं राबलीस, म्हणाली, आता जा सावकाश. परत यायचं काही बोलली नाही."

टायपिस्ट दारावरून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबून म्हणाला, "पण सासू आणि सून एकच म्हटल्यावर परवानगी ग्राह्य धरायची का, हे सभेत..."

"तुमच्या मेहुण्यानं माफी मागितली का?" शिंपिणीनं विचारलं.

टायपिस्ट निघून गेला.

"तुला माहीत होतं," कातारी म्हणाला.

"शनिवारी चकत्या थैलीत भरून शिवण तपासत होते. बोटाला लागलं. काढून बघितलं तर कात्री."

"मग?"

"मग परत टाकली."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?" ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "अकरा वर्षं थांब म्हणालास. थांबले. एकदा मला विचारायचं होतंस, हवंय का म्हणून. ते सोडून कानस घेतलीस. अरे, मी याच घरात होते. याच ओट्यापाशी."

कातारीला मान हलवायचीही इच्छा झाली नाही.

तेवढ्यात प्लंबर आला. दारावर टकटक केली, उघड्या दारावर. तो शिंपिणीशी बोलायला आला होता, पण कातारीला बघून अवघडला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे चहात साखर किती घेतात?"

शिंपिणीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग प्लंबरला नीट उत्तर दिलं. "दीड चमचा. विचारलं तर एकच सांगेल. झोपताना खिडकी उघडी लागते. खोकला आला की मला काही नाही म्हणतो, ते खरं धरू नका."

प्लंबर ओठ हलवत पाठ करत होता. "दीड. खिडकी. खोकला." कातारी ऐकत राहिला. आपल्याबद्दल कुणाला एवढं ठाऊक आहे हे त्याला नवीन होतं.

"मी येऊ?" तो एकदम म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्याबरोबर."

"कोण म्हणून?"

त्यानं विचार केला. बराच वेळ केला. चव्वेचाळीस चकत्या त्यानं स्वतःच्या हातानं घडवल्या होत्या, त्या एकेक करून आठवून पाहिल्या. "माहीत नाही," तो म्हणाला.

ती खिडकीपाशी गेली, शिलाई मशिनवरचं कापड काढलं आणि मशिन स्टँडवरून सोडवायला लागली. एक स्क्रू आवळलेला होता. तिनं हात मागे केला, कातारीनं खिशातला पेचकस त्या हातात दिला.

"तुझ्या माणसाला विचारावं लागेल," ती स्क्रूकडे बघत म्हणाली.

कातारी प्लंबरकडे वळला. प्लंबरनं सगळं ऐकलं होतं.

"आज सकाळीच तर झालो," प्लंबर म्हणाला. "अजून चहासुद्धा केला नाही तुम्हाला."

"ती चकती..."

"मला ठाऊक आहे. मी काय आंधळा आहे का? पाइपाला केसाएवढी चीर असली तरी मला अंगठ्याला कळते." तो भिंतीला टेकला. "आजवर एकटा राहिलो, कुणी काही म्हटलं नाही. आता बासष्टाव्या वर्षी टाकलेली बायको म्हणून राहू?"

"माफ करा."

"कधी याल?"

कातारीनं खोटं शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. "नाही येणार," तो म्हणाला.

बाहेर अंगणात बाई आपल्या वडिलांना औषधाची वेळ विचारत होत्या. शिंपिणीनं मशिन सोडवलं आणि उचलून पाहिलं. बीडाचं, जुनं, अंगानं वजनदार. तिनं एक बाजू धरली, कातारीनं दुसरी. दोन पावलांतच त्यांना ते खाली ठेवावं लागलं.

"असं धरतात का?" प्लंबर म्हणाला. "कंबर धरेल." त्यानं वाकून मशिन उचललं आणि खांद्यावर घेतलं. "कुठवर न्यायचंय?"

"बस थांब्यापर्यंत," शिंपीण म्हणाली.

तिघं निघाले. फाटकापाशी कुणी अडवलं नाही. प्लंबर खांद्यावर ओझं घेऊन पुढे होता, आणि घरातल्यांना वाटलं की काहीतरी दुरुस्तीला चाललंय. रस्त्यानं जाताना प्लंबरनं न वळता विचारलं, "वाढदिवस कधी असतो हो तुमचा?" कातारीनं सांगितला. मग थोडं चालून म्हणाला, "तुमचा?"

"येत्या बुधवारी," प्लंबर म्हणाला.

थांब्यावर शिंपिणीनं पिशवीतून कागदाचा तुकडा काढून त्याला बहिणीचा पत्ता लिहून दिला. "बुधवारी जेवायला या," ती म्हणाली. प्लंबरनं कागद दोनदा वाचला, मिशीवरून हात फिरवला आणि तो कागद वरच्या खिशात ठेवून गुंडी लावली. बस आली तेव्हा त्यानंच मशिन आत चढवून दिलं. बस सुटेपर्यंत तो काचेपाशी उभा होता. काच बंद होती, तरी तो काहीतरी सांगत होता. कातारीला वाटलं, 'खिडकी' असं म्हणत असावा. त्यानं उठून ती उघडली.

कंडक्टर आला. त्यानं मशिनकडे पाहिलं, मग दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे.

"एकत्र का?"

कातारीनं शिंपिणीकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती.

"हे माझे कुणी नाहीत," ती म्हणाली. "पण एकत्र आहोत."

"बरं," कंडक्टर म्हणाला. "मशिन तेवढं सीटखाली सरकवा, ताई. लोकांच्या पायात येतंय."

दोघं एकाच वेळी वाकले. मशिन हलेना. मग कातारी सीटवरून उठून गुडघ्यांवर बसला आणि तिनं सांगितल्याप्रमाणे, आधी डावीकडून, ढकलायला लागला.